कंट्री म्युझिक: दोन फळ्यांवर ठेवलेलं एकच गाणं

डिसेंबर १९२७, शनिवारची रात्र. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल शहर, आणि तिथे एका विमा कंपनीने दोन वर्षांपूर्वी काढलेलं डब्ल्यूएसएम हे रेडिओ स्टेशन. आधीचा तासभर न्यूयॉर्कहून पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत लागलं होतं. त्या कार्यक्रमाचे संचालक वॉल्टर डॅमरॉश म्हणाले होते की अभिजात संगीतात हुबेहूब वास्तवाला तशी जागा नसते, पण आज नियम मोडून धावत्या आगगाडीवरची एक रचना ऐकवतो. ती वाजली, कार्यक्रम आटोपला आणि नॅशव्हिलचा माइक सुरू झाला. इथले निवेदक जॉर्ज हे. (आडनावच 'हे'. वाक्यात घोळ नको म्हणून मी जॉर्ज एवढंच म्हणतो.) जॉर्जनी आयती आलेली संधी सोडली नाही. आता इथून पुढे निव्वळ वास्तवच ऐकायला मिळेल, असं सांगून त्यांनी एका माउथ ऑर्गनवाल्याला पुढे बोलावलं. त्याने 'पॅन अमेरिकन' नावाच्या खऱ्याखुऱ्या एक्स्प्रेस गाडीची धून वाजवली. लांबून येणारी शिट्टी, रुळांचा ठेका, जवळ येत जाणारी धडधड, सगळं खिशात मावणाऱ्या बाजावर. धून संपली तसे जॉर्ज म्हणाले, तासभर तुम्ही 'ग्रँड ऑपेरा' ऐकलात, आता ऐका 'ग्रँड ओल ऑप्री'.

'ऑप्री' म्हणजे ऑपेराचा गावरान उच्चार. थट्टेत पडलेलं हे नाव पुढे कंट्री म्युझिकच्या सगळ्यात मानाच्या मंचाचं नाव झालं आणि तो कार्यक्रम आजही चालू आहे. माउथ ऑर्गन वाजवणारा तो माणूस म्हणजे डीफोर्ड बेली. लहानपणी पोलिओ झालेला, पाच फुटांहून बुटका, आणि गुलामगिरीत जन्मलेल्या माणसांचा नातू. काळा.

आता डोळे मिटून 'कंट्री म्युझिक' म्हणा. समोर काय येतं? काउबॉय हॅट, पिकअप ट्रक, गिटार आणि गोरा माणूस. हे चित्र सगळं खोटं आहे असं नाही, पण ते आपोआप तयार झालेलं नाही. रेकॉर्ड विकणाऱ्यांनी ते १९२० च्या दशकात, दुकानात माल लावायच्या सोयीसाठी तयार केलं. गाणी आधीपासून एकमेकांत कालवलेली होती. फळ्या नंतर ठोकल्या गेल्या.

बँजोची आखूड तार

आधी एक खुलासा करायला हवा. गणपतीच्या मिरवणुकीत आपल्याकडे जो 'बँजो' वाजतो, टाइपरायटरसारखी बटणं दाबून, तो हा बँजो नव्हे. आपला तो बुलबुलतरंग, मूळ जपानी वाद्याचा वंशज. अमेरिकेतला बँजो म्हणजे लांब दांडी आणि तळाशी डफासारखं ताणलेलं चामडं.

आज बँजो हे अमेरिकेतल्या गोऱ्या डोंगराळ माणसाचं वाद्य समजलं जातं. ते आलं मात्र आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांबरोबर. वाद्य जहाजात आलं असं नाही, ते कसं बनवायचं हे हातात आणि डोक्यात आलं. पश्चिम आफ्रिकेत सेनेगल-गँबियाच्या भागात जोला लोकांचं 'अकोंटिंग' नावाचं वाद्य आहे. पोकळ भोपळा, त्यावर चामडं, त्यातून आरपार काढलेली काठी आणि तीन तारा. त्यातली एक तार इतरांपेक्षा आखूड. ती अंगठ्याने छेडतात, तिचा सूर बदलत नाही. सतारीच्या चिकारीसारखं तिचं काम: सुरावट चालू असताना मध्ये मध्ये तोच उंच सूर टोचत राहायचा. अमेरिकेतल्या पाच तारांच्या बँजोवरही अशीच एक आखूड तार असते, दांडीच्या मध्यावरच खुंटीला अडकवलेली. 'क्लॉहॅमर' नावाची जी जुनी पद्धत आहे, त्यात नखाने तारेवर वरून खाली मारतात आणि अंगठा त्या आखूड तारेवर पडतो. अकोंटिंगवालेही तसंच वाजवतात. दोन व्हिडिओ शेजारीशेजारी लावून पाहा, हात एकाच घराण्याचे वाटतात.

अठराव्या शतकाच्या अखेरीचं, दक्षिण कॅरोलिनातलं एक चित्र आहे. मळ्यावरचे गुलाम नाचताहेत आणि एकाच्या मांडीवर भोपळ्याचा बँजो आहे. पुढे १८४० च्या दशकात गोऱ्या कलाकारांनी जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून काळ्यांची नक्कल करणारे 'मिन्स्ट्रेल शो' सुरू केले. १८४३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स' या मंडळींनी तो खेळ गाजवला आणि पुढची कित्येक दशकं अमेरिकेत त्याचीच चलती होती. काळ्यांची टिंगल हा त्या खेळाचा कणा, पण त्यातूनच बँजो आणि शेकडो चाली गोऱ्या घरांत शिरल्या. ज्यांची टिंगल करायची त्यांच्याच चालीवर रात्री घरी जाऊन पायाने ठेका धरायचा, असा हा व्यवहार.

फिडलचा प्रवास उलट दिशेने झाला. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, फक्त नाचासाठी वाजवलेलं. ते स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंडहून आलेल्यांबरोबर आलं, आणि मळ्यांवर गोऱ्या मालकांच्या नाचाला ते वाजवायला बसत गुलाम. फिडल शिकलेल्या गुलामाला बाजारात भाव जास्त यायचा. अशा रीतीने युरोपचं वाद्य काळ्या हातात गेलं, आफ्रिकेचं गोऱ्या हातात आलं, आणि दोन्ही एकत्र वाजायला लागली तेव्हा जे ऐकू आलं तेच या संगीताचं मूळ.

फर्निचरच्या दुकानातला हिशेब

त्या काळी ग्रामोफोन म्हणजे दिवाणखान्यातलं लाकडी कपाट असायचं, त्यामुळे तो आणि त्याच्या रेकॉर्डी फर्निचरच्या दुकानात मिळायच्या. १९२० मध्ये 'ओके' कंपनीने मॅमी स्मिथ या काळ्या गायिकेचा ब्लूज, म्हणजे काळ्यांचं दुःख सांगणारं गाणं, बाजारात आणला आणि तो धो धो खपला. काळी माणसंही पैसे मोजून रेकॉर्ड घेतात हा शोध कंपन्यांना तेव्हा लागला. लगेच वेगळी मालिका निघाली: 'रेस रेकॉर्ड्स'.

तीन वर्षांनी, जून १९२३ मध्ये, त्याच कंपनीचे राल्फ पीअर अटलांटाला आले. तिथला फर्निचरवाला दुकानदार पोक ब्रॉकमन मागेच लागला होता की आमच्या फिडलिन जॉन कार्सनचं काहीतरी ध्वनिमुद्रित करा. पन्नाशीच्या घरातला हा फिडलवाला गायला लागल्यावर पीअरना त्याचा आवाज भयंकर वाटला. फक्त पाचशे प्रती काढल्या, त्याही कॅटलॉगमध्ये न घालता. दुकानदाराने त्या हातोहात विकल्या आणि आणखी मागवल्या. खेड्यातले गोरेही गिऱ्हाईक आहेत, हा दुसरा शोध. कार्सनच्या त्या रेकॉर्डवरचं एक गाणं होतं मोडक्या लाकडी खोपटाबद्दल, १८७१ साली मिन्स्ट्रेल मंचासाठी लिहिलेलं, एका म्हाताऱ्या गुलामाच्या तोंडी घातलेलं. गोऱ्या खेड्याचं अस्सल संगीत म्हणून विकलं गेलेलं पहिलं मोठं गाणं हे असं होतं.

मग दुसरी मालिका निघाली, 'हिलबिली'. मुंबईत 'घाटी' हा शब्द ज्या सुरात म्हणतात, त्याच सुरात अमेरिकेत 'हिलबिली' म्हणायचे: डोंगरातला, अडाणी, कळकट. कोलंबिया कंपनीने तर आकड्यांनीच वाटणी केली. चौदा हजारच्या मालिकेत काळे, पंधरा हजारच्या मालिकेत गोरे. मधे एक भिंत, आणि त्या काळच्या दक्षिणेत शाळा, बाकडी, पाण्याचे नळ सगळंच असं वाटलेलं असल्यामुळे कुणाला त्यात वावगंही वाटलं नाही.

या वाटणीचे परिणाम फार खोलवर गेले. काळ्या कलाकारांकडे कंपन्या ब्लूज मागायच्या. त्यांनी फिडलवरच्या नाचाच्या चाली वाजवल्या, ज्या ते पिढ्यान् पिढ्या वाजवत होते, तर ते 'आपल्या' मालिकेत बसेना म्हणून ध्वनिमुद्रणच व्हायचं नाही. जे रेकॉर्डवर आलं नाही ते इतिहासातूनही गेलं. उलट बाजूने, चॅटनूगाच्या ॲलन बंधूंचा ब्लूज इतका पक्का होता की कोलंबियाने तो काळ्यांच्या मालिकेत टाकला. हे दोघे गोरे भाऊ असे खवळले की त्यांनी कोर्टाची भाषा केली आणि कंपनीच सोडली. कान सांगत होते एक, फळी सांगत होती दुसरं.

नॅशव्हिलच्या रेडिओवर जॉर्जनी याच्याही पुढची शक्कल लढवली. त्यांच्याकडे डॉ. हम्फ्री बेट म्हणून वाद्यवृंदप्रमुख होते, व्हँडरबिल्ट विद्यापीठातून शिकलेले, दवाखाना चालवणारे डॉक्टर. त्यांच्या वृंदाचं नाव ठेवलं 'पॉसम हंटर्स', म्हणजे पॉसम नावाचा जंगली प्राणी मारणारे शिकारी. सुटाबुटात येणाऱ्या वादकांना फोटोसाठी शेतकऱ्याची ओव्हरऑल घालून मक्याच्या शेतात किंवा डुकरांच्या गोठ्याशी उभं केलं. शहरी श्रोत्याला खेडं जसं हवं होतं तसं ते पुरवलं गेलं. 'अस्सल' हा शब्द कंट्रीच्या बाबतीत वाचला की मला तो पॉसम मारायला निघालेला डॉक्टर आठवतो.

शिकवणारे हात

१९२७ च्या उन्हाळ्यात पीअर, आता व्हिक्टर कंपनीसाठी, ब्रिस्टलला आले. या गावच्या मुख्य रस्त्याची एक बाजू टेनेसीत, दुसरी व्हर्जिनियात. दहा-बारा दिवसांच्या त्या मुक्कामात दोन नावं हाती लागली, कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स, आणि पुढे या मुक्कामाला कंट्रीचा जन्मच म्हणायची पद्धत पडली.

कार्टर म्हणजे ए. पी., त्यांची बायको सारा आणि साराची चुलतबहीण मेबेल, जी नात्याने ए. पीं.ची भावजयही होती. मेबेल तेव्हा अठरा वर्षांची आणि गरोदर. आता पीअरची एक मेख समजून घेतली पाहिजे. त्यांची खरी कमाई गाण्यांच्या हक्कांतून व्हायची. त्यामुळे त्यांना हवी असायची अशी गाणी, जी आधी कुणाच्या नावावर नोंदलेली नाहीत. ए. पी. मग डोंगरदऱ्यांत गाणी गोळा करत फिरायला लागले. आणि त्यांच्याबरोबर असायचा लेस्ली रिडल, किंग्सपोर्ट गावचा काळा गिटारवादक, सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात पाय गमावलेला. ए. पी. शब्द उतरवून घ्यायचे, चाल लक्षात ठेवायचं काम लेस्लीचं. टेपरेकॉर्डर नव्हता, लेस्ली होता. काळ्यांच्या वस्त्यांत, चर्चमध्ये ज्या दारांतून ए. पी. एकटे आत जाऊ शकले नसते ती त्याच्यामुळे उघडली. मेबेलने त्याचं वाजवणं बघून बघून उचललं. मेबेलची शैली, म्हणजे अंगठ्याने खालच्या सुरांवर चाल आणि बोटांनी वर ठेका, पुढे लाखो गिटारवाल्यांनी गिरवली. रेकॉर्डवर नाव कार्टर कुटुंबाचं. लेस्लीचं नाव कुठेच नाही.

जिमी रॉजर्स मिसिसिपीच्या मेरिडियनचा, रेल्वेत ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारा. क्षयाने पोखरल्यामुळे नोकरी सुटलेली. रुळांवर काम करणाऱ्या काळ्या गँगची गाणी त्याच्या कानांत होती, आणि आल्प्स पर्वताकडचं योडलिंग, म्हणजे गळा मधेच उंच उडवून गायचं, ते त्याने मंचावरच्या कलाकारांकडून उचललं. दोन्ही एकत्र करून त्याने 'ब्लू योडल' नावाची मालिकाच काढली. त्यातल्या नवव्या गाण्यात, १९३० साली लॉस एंजेलिसमध्ये, ट्रंपेट वाजवलाय काळा जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगने आणि पियानोवर आहे त्याची बायको लिल. रेकॉर्डच्या लेबलवर दोघांची नावं छापली नाहीत. १९३३ मध्ये पस्तिशीतच रॉजर्स गेला.

हँक विल्यम्सची गोष्ट याच चालीची. अलाबामातल्या गावात रूफस पेन नावाचा काळा रस्त्यावरचा गायक, टोपणनाव 'टी-टॉट', पोरगेल्या हँकला गिटार शिकवायचा. हँक हे पुढे जाहीरपणे सांगायचाही. एकोणतिसाव्या वर्षी, १ जानेवारी १९५३ ला, मोटारीच्या मागच्या सीटवर तो मरण पावला, तोवर कंट्रीचा सगळ्यात मोठा गीतकार झालेला होता. एकेका थोर माणसामागे एकेक काळा उस्ताद, ही यादी अशी लांबवता येते.

हवाईची मींड, मेक्सिकोची टोपी, कीव्हचा शिंपी

काळा-गोरा एवढ्यावरच हे थांबत नाही. कंट्रीतला तो रडवा, घसरत जाणारा सूर, जो ऐकला की पाऊस पडतोय असं वाटतं, तो स्टील गिटारचा, आणि ती हवाई बेटांची देणगी. जोसेफ केकुकू नावाच्या मुलाने साधारण १८८९ च्या सुमारास शाळेत असताना गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवरून पोलादी तुकडा सरकवायला सुरुवात केली. पडदे मधे येत नाहीत, सूर एकातून दुसऱ्यात वाहत जातो. आपण ज्याला मींड म्हणतो ते. १८९३ मध्ये हवाईचं राज्य उलथवलं गेलं, वादक अमेरिकेत फिरायला लागले, आणि १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रदर्शनानंतर तर हवाई संगीताचं वेडच पसरलं. डोंगरातल्या पोरांनी ते रेकॉर्डींवरून आणि फिरत्या कलाकारांकडून उचललं. त्याच वाद्याने मुंबईच्या फिल्मी धुनांतही घर केलं. रेडिओवर 'हवाईयन गिटार' ऐकत मोठी झालेली पिढी अजून आपल्याकडे आहे.

काउबॉय तर मुळात मेक्सिकन. स्पॅनिशमध्ये 'वाका' म्हणजे गाय, 'वाकेरो' म्हणजे गुराखी. टेक्सास मेक्सिकोत होतं तेव्हापासून घोड्यावरून गुरं हाकायचं हे तंत्र त्यांचं. लासो, रँच, रोडिओ हे शब्दही त्यांचेच. गुलामगिरी संपल्यावर हजारो काळी माणसंही या कामावर होती. पडद्यावर गाणारा काउबॉय १९३० च्या दशकात जीन ऑट्रीच्या सिनेमांतून आला तेव्हा गोरा आणि इस्त्री केलेला होता. 'हिलबिली' या शिवीपेक्षा हॅटवाला वीर बरा, म्हणून डोंगरातले गायकही हॅट घालायला लागले. ज्यांनी आयुष्यात गाय हाकली नाही त्यांनीसुद्धा.

आणि ते चकचकीत कपडे? नुडी कोहन हा कीव्हमध्ये जन्मलेला ज्यू शिंपी. ज्यूंवरच्या हल्ल्यांमुळे लहानपणीच अमेरिकेला धाडलेला. न्यूयॉर्कमध्ये आधी नाचणाऱ्या बायकांचे तोकडे पोशाख शिवायचा, मग कॅलिफोर्नियात गेला. टेक्स विल्यम्स या गायकाने घोडा विकून त्याला शिलाई मशीन घेऊन दिलं म्हणतात. खड्यांनी मढवलेले, भरतकाम केलेले 'नुडी सूट' कंट्रीचा गणवेशच झाले, आणि १९५७ मध्ये एल्व्हिसचा सोनेरी सूटही त्याच दुकानातून निघाला. नेथन टर्क आणि रोडिओ बेन हे त्याचे समव्यवसायी पोलंडहून आलेले. पुढे त्याच्याच हाताखालचा मॅन्युएल क्वेवास हा मेक्सिकन कारागीर या धंद्यातला मोठा माणूस झाला.

टेक्सासच्या सॅन बेनिटोतला बाल्डेमार ह्युएर्ता, शेतमजुरांचा मुलगा, 'फ्रेडी फेंडर' हे नाव घेऊन गायचा. गांजाच्या गुन्ह्यात तुरुंग भोगला, नंतर पोटासाठी गाड्या दुरुस्त केल्या. १९७५ मध्ये त्याचं एक गाणं कंट्री आणि पॉप दोन्ही याद्यांवर पहिलं आलं. त्यातलं एक कडवं चक्क स्पॅनिशमध्ये आहे.

खेडं सोडलेल्यांचं गाणं

कंट्री म्हणजे खेड्यातल्या माणसाचं संगीत, असं आपण धरून चालतो. माझ्या मते ते खेडं सोडलेल्या माणसाचं संगीत आहे. मंदी, दुष्काळ आणि युद्धातले कारखाने यांनी दक्षिणेतली लाखो माणसं डेट्रॉइट, शिकागो, कॅलिफोर्नियाला नेली. १९३३ मध्ये दारूबंदी उठली तसे रस्तोरस्ती गुत्ते उघडले, 'हाँकी-टाँक' नावाचे. पगाराच्या दिवशीचा कलकलाट, बाटल्यांचा आवाज, आणि त्यात साधी गिटार कोण ऐकणार? म्हणून वाद्यांना वीज जोडली. गाण्यांतून आईचं घर आणि देवघर मागे पडलं, दारू, घटस्फोट आणि एकटेपणा आला. वीज आणि घटस्फोट बरोबरच आले म्हणा ना.

ओक्लाहोमातून कॅलिफोर्नियात गेलेल्यांना तिथे 'ओकी' म्हणून हिणवायचे. मर्ल हॅगर्ड अशाच कुटुंबातला, रेल्वेच्या जुन्या डब्याचं घर केलं होतं त्यांनी. तरुणपणी तो सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात कैदी होता आणि तिथे कंट्री गायक जॉनी कॅशचा कार्यक्रम त्याने कैद्यांत बसून ऐकला. १९६९ मध्ये हॅगर्डने हिप्पींना टोमणे मारणारं गाणं काढलं आणि उजव्या राजकारण्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याला मात्र त्यानंतर काळी मुलगी आणि गोरा मुलगा यांच्या प्रेमाचं गाणं काढायचं होतं. कंपनीने ते मागे ढकललं, १९७२ मध्ये कुठे बाहेर आलं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७० मध्ये ऑक्टोबर हा कंट्री म्युझिकचा महिना जाहीर केला. मार्च १९७४ मध्ये तर ऑप्रीच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला ते स्वतः गेले, पियानो वाजवला आणि ऑप्रीचा जुना गायक रॉय एकफ याच्यासमोर मंचावर यो-यो फिरवायचा प्रयत्न केला. त्यांच्यावरचं वॉटरगेट प्रकरण ऐन भरात होतं तेव्हा. कंट्री म्हणजे उजव्यांचं संगीत हा शिक्का या काळात पक्का झाला. पण दहाच वर्षांपूर्वी, १९६४ मध्ये, कॅशने मूळ अमेरिकन आदिवासींच्या दुःखावर अख्खा अल्बम काढला होता. रेडिओवाले वाजवेनात तेव्हा बिलबोर्ड या संगीत व्यवसायाच्या साप्ताहिकात पूर्ण पानाची जाहिरात देऊन त्यांना खडसावलं होतं.

बायकांची गोष्ट वेगळ्या लेखाची आहे, इथे धावती सांगतो. एका पुरुषी गाण्याने घर मोडल्याचा ठपका बाईवर ठेवला. १९५२ मध्ये किटी वेल्सने त्याला गाण्यातूनच उत्तर दिलं, पुरुषही तितकेच जबाबदार आहेत म्हणून. काही रेडिओवाल्यांनी ते बंद केलं, तरी ते पहिल्या क्रमांकावर गेलं. एकट्या बाईचं पहिल्यांदाच. कोळसा खाणकामगाराची मुलगी लोरेटा लिनने १९७५ मध्ये गर्भनिरोधक गोळीवर गाणं म्हटलं, तेही कित्येक स्टेशनांनी वाजवलं नाही. २०१५ मध्ये एका रेडिओ सल्लागाराने बायकांच्या गाण्यांना सॅलडमधल्या टोमॅटोची उपमा दिली: मुख्य पदार्थ पुरुष, टोमॅटो मधून मधून.

फळी अजून जाग्यावर

डीफोर्ड बेलीचं पुढे काय झालं? पंधराएक वर्षं तो ऑप्रीचा लाडका होता. दौऱ्यावर मात्र हॉटेलं त्याला खोली देत नसत. अंकल डेव्ह मेकन हा बँजोवाला कधी कधी त्याला आपला नोकर म्हणून सांगून बरोबर आत न्यायचा. १९४१ मध्ये गाण्यांच्या हक्कांच्या भांडणात रेडिओने त्याची गाजलेली गाणी वाजवणं थांबवलं, आणि ऑप्रीने त्याला काढून टाकलं. जॉर्जनी पुढे छापलेल्या पुस्तिकेत कारण दिलं: तो आळशी होता. डीफोर्डने नॅशव्हिलमध्ये बुटपॉलिशचं दुकान चालवलं. १९८२ मध्ये तो गेला. कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं २००५ मध्ये.

चार्ली प्राइड हा मिसिसिपीत वाट्याने शेती कसणाऱ्याचा मुलगा, काळ्यांच्या बेसबॉल लीगमध्ये खेळलेला. १९६६ मध्ये त्याच्या सुरुवातीच्या रेकॉर्डी रेडिओकडे फोटोशिवाय गेल्या. आवाज आवडला, मग माणूस दिसला. पहिल्या मोठ्या कार्यक्रमांत तो मंचावर आला की सभागृह गप्प व्हायचं, आणि आपल्या रंगावर तोच आधी विनोद करून मोकळा व्हायचा. १९७१ मध्ये त्याला कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातला सर्वश्रेष्ठ कलाकार हा मान मिळाला, आणि त्याची २९ गाणी बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. हे कौतुकाचंच, पण पन्नास वर्षं लोक तेच एक नाव पुढे करत राहिले, त्यावरूनच दार किती उघडलं होतं ते कळतं.

२०१९ मध्ये लिल नॅस एक्स या अटलांटाच्या पोराने इंटरनेटवर तीस डॉलरला घेतलेल्या, बँजोचा सूर असलेल्या चालीवर घोड्याचं गाणं म्हटलं. बिलबोर्डने ते कंट्रीच्या यादीतून काढलं, आजच्या कंट्रीचे पुरेसे घटक त्यात नाहीत म्हणून. एका गोऱ्या कंट्री गायकाला सोबत घेऊन त्याने ते पुन्हा काढलं आणि मुख्य यादीत ते तब्बल १९ आठवडे पहिलं राहिलं. २०२४ मध्ये ह्यूस्टनच्या बियॉन्सेने कंट्री वळणाचं गाणं काढलं, ज्यात बँजो वाजवलाय रिॲनन गिडन्सने. ही बाई काळ्या फिडलवाल्यांची विसरलेली परंपरा जो थॉम्पसन या वयोवृद्ध वादकाकडून शिकलेली. ओक्लाहोमातल्या एका स्टेशनने श्रोत्याला आधी कळवलं, आम्ही कंट्री स्टेशन आहोत, ते वाजवत नाही. ते गाणं बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिलं आलं, काळ्या बाईचं पहिल्यांदाच. त्या वर्षीच्या कंट्री असोसिएशनच्या पुरस्कारांत तिला एकही नामांकन नव्हतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रॅमीने मात्र तिला सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचा पुरस्कार दिला. चार महिन्यांनी ग्रॅमीवाल्यांनी जाहीर केलं की आता कंट्री अल्बमचे दोन पुरस्कार असतील, एक 'पारंपरिक' आणि एक 'समकालीन'. योगायोग असेलही. पण चौदा हजार आणि पंधरा हजार आठवल्याशिवाय राहत नाही.

समुद्रापलीकडे

माझं लहानपण वसईत गेलं. नाताळच्या आधी आठवडाभर शेजारच्या आजींच्या घरातून एकच मऊ आवाज यायचा, जिम रीव्ह्जचा. गोव्यात, वांद्र्यात, वसईत कित्येक घरांत तो देवघरातल्या तसबिरीइतका जुना आहे. आजींना तो 'कंट्री' आहे हे ठाऊकच नव्हतं, त्यांच्या लेखी ती नाताळची गाणी. त्यालाही कारण आहे. रॉक अँड रोलने गिऱ्हाईक पळवल्यावर १९५० च्या दशकाच्या अखेरीस नॅशव्हिलच्या निर्मात्यांनी फिडल आणि स्टील गिटार मागे सारून व्हायोलिनांचा ताफा आणि मागे कोरस आणला, शहरी घरांत चालेल असा. रीव्ह्ज माइकच्या अगदी जवळ येऊन, सावकाश, एकेक शब्द सुटा गायचा. ज्यांची इंग्रजी शाळेतली त्यांनाही कळेल असा. तो १९६४ मध्ये विमान अपघातात गेला, आणि वसईत अजून गातो आहे.

किशोरकुमारच्या योडलिंगची गोष्टही इथेच येते. भाऊ अनुपकुमारकडे जिमी रॉजर्सच्या आणि टेक्स मॉर्टनच्या रेकॉर्डी होत्या, त्या ऐकून किशोरने ते घोटलं असं सांगितलं जातं. म्हणजे मेरिडियनच्या ब्रेकमनचा गळा खांडव्याच्या पोरात उतरला.

रॉजर्सच्या रेकॉर्डी केनियातही पोचल्या होत्या, इंग्रजांनी नेलेल्या चावीच्या ग्रामोफोनवर. रिफ्ट व्हॅलीतल्या किप्सिगिस लोकांनी तो आवाज ऐकला आणि ठरवलं की असं गाणारा माणूस पुरता माणूस नसणार. अर्धा माणूस, अर्धा हरीण. 'जिमी रॉजर्स' या नावाचं त्यांच्या तोंडी झालं 'चेमिरोचा'. १९५० मध्ये ह्यू ट्रेसी हे संगीत गोळा करत तिथे गेले तेव्हा मुलींनी त्यांना चेमिरोचाचं गाणं म्हणून दाखवलं, सोबतीला त्यांचं तंतुवाद्य. त्यात मुली त्या हरणाच्या पायांच्या गवयाला आर्जवं करतात: नाच, असा उड्या मारून नाच, की अंगावरचे कपडे गळून पडले पाहिजेत.